खालची पट्टी

ऑफिसात मला सासूबाई म्हणतात. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या, हाच माझा धंदा, तेव्हा हे नाव पडायचंच होतं. माझा स्वभाव बघता ते बदलायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. आम्ही प्रोग्रामर लोकांसाठी एक एडिटर बनवतो. म्हणजे ज्यात ती मंडळी दिवसभर कोड टाइप करत बसतात, ते सॉफ्टवेअर. माझा नवराही ह्याच टीममध्ये आहे. एडिटरची विंडो उघडणं, मोठी होणं, लहान होणं, बंद करून उघडली तरी आपल्या जागी येणं, हे सगळं त्याच्याकडे. खिडक्या त्याच्या, म्हणून तो सुतार. सासूबाई आणि सुतार ह्यांचं लग्न झालेलं आहे हे नव्या माणसाला कळलं की तो आधी हसतो, आणि मग आमचं पहिलं भांडण ऐकून गप्प बसतो.

त्या आठवड्यातलं भांडण एका बगवरून, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकीवरून सुरू झालं. एडिटरची विंडो मॅक्सिमाइझ केली, म्हणजे स्क्रीनभर पसरवली, आणि मग रिस्टोअर केली, की ती आधीच्या आकाराला यायला हवी. तशी ती येत नव्हती. किंचित मोठी होऊन यायची. वरचा डावा कोपरा जागच्या जागी, पण उजवी आणि खालची कड नखभर पुढे सरकलेली. पुन्हा तेच केलं की आणखी नखभर. असं करता करता ती कड स्क्रीनच्या बाहेर जायची आणि जाताना खालची पट्टी घेऊन जायची. एडिटरच्या त्या पट्टीवर सगळं असतं. चुका किती, आपण कुठल्या ओळीवर आहोत, फाइल सेव्ह झाली की नाही. ती दिसेनाशी झाली की माणूस नुसत्या अंदाजाने काम करतो. वापरणारे लोक वैतागले होते. एकाने तर लिहिलं होतं, "तुमची विंडो रोज थोडी थोडी जाड होते आहे, तिला कुणीतरी आवरा."

मला बग पहिल्या फटक्यात दिसला. मी नीट लिहून सुतारकडे पाठवला. त्याने परत पाठवला, "दिसत नाही." मी चित्र काढून पाठवलं. त्याने पुन्हा परत पाठवला, "माझ्या मशीनवर दिसत नाही." प्रोग्रामरच्या तोंडचं हे वाक्य ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि इथे तर प्रोग्रामर माझ्याच घरात जेवणारा. मी उठले आणि तरातरा त्याच्या टेबलापाशी गेले.

"दाखव."

"हे बघ." त्याने दोन बटणं दाबली, विंडो पसरली. पुन्हा दाबली, विंडो लहान झाली. तीन-चार वेळा त्याने तेच केलं. "काय बदललं? काही नाही. अक्षरं जिथल्या तिथे."

खालची पट्टी तोवर अर्धी गेली होती. शेंबड्या पोरालाही दिसली असती.

"खालची पट्टी बघ."

त्याने मान खाली घातली. डोळे नाही, अख्खी मान. सावकाश, ओळ-ओळ उतरत तो खाली आला. "अगं, आहे की. थोडी कापल्यासारखी वाटते. तुझी दुसरी स्क्रीन जोडलेली असते ना, तिचं झूम वेगळं असणार. त्याचा काहीतरी घोळ." आणि मग तो माउस गोल-गोल फिरवायला लागला. बाण हरवला की तो हल्ली असा फिरवायचा. बाण स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात होता, आणि तो डावीकडे शोधत होता.

मी त्याच्या मागे उभी होते. का केलं ते नीट सांगता येणार नाही, पण मी माझा उजवा हात त्याच्या कानाजवळ नेला आणि बोटं हलवली. मग हात पुढे आणला. कानशिलाच्या पुढे, गालाच्या पुढे. तो झूमबद्दल बोलतच होता. एखादी गोष्ट एकदा दिसली म्हणजे ती खरी, असं मी मानत नाही. पुन्हा करून बघायचं, ही माझी सवय. मी डाव्या हाताने डाव्या बाजूला तेच केलं. हात जवळजवळ त्याच्या नाकासमोर आला तेव्हा तो दचकून म्हणाला, "हे काय करतेस?"

"माशी होती," मी म्हटलं.

मी माझ्या जागेवर येऊन बसले आणि एकेक आठवायला लागलं. दाराच्या कडेला आपटलेलं त्याचं कपाळ, हात लागून सांडणारे पाण्याचे ग्लास, फाटकाच्या खांबाला घासलेली गाडीची डावी बाजू. दर वेळी मी तोंडाचा पट्टा सोडला होता. लेक म्हणायची, बाबा शाळेबाहेर मी हात केला तरी बघत नाहीत, आणि मी म्हणायचे, बाबांचं लक्ष कुठे असतं देव जाणे. चुका शोधायचा पगार घेणारी बाई मी, आणि माझ्या घरात हे चाललेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

संध्याकाळी घरी आल्यावर मी आधी गाडीची चावी माझ्या पर्समध्ये टाकली आणि मग विषय काढला. लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तो कांदा चिरत होता. मी त्याला ऑफिसात कानाजवळ हलवलेल्या हाताचं सांगितलं.

"उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ."

"कशाला? मला सगळं स्पष्ट दिसतं. हे बघ, समोरच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवू?" त्याने वाचून दाखवली. एकही चुकलं नाही.

"समोरचं नाही रे, बाजूचं म्हणते मी."

"बाजूचं कोण बघतं? माणूस समोर बघतो." तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्याने सुरी खाली ठेवली. "तुला आठवत नाही का? ऑफिसने सगळ्यांचे डोळे तपासले होते. तू नंबर वाढवून आलीस, मी पास झालो. त्यात ती बाजूचं बघायची टेस्टही होती. सगळं नॉर्मल."

"त्याला दोन वर्षं होऊन गेली."

"डोळे काय दोन वर्षांत पळून जातात?"

मी त्याला समजावलं, मग ओरडले, मग पुन्हा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. आवाज चढला तशी लेक दारात येऊन उभी राहिली, त्याच्या डाव्या बाजूला, दोन पावलांवर. तो मला म्हणाला, "हळू बोल, ती आत आहे, ऐकेल." पोरीने माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनीच आत जायला सांगितलं, आणि ती आवाज न करता गेली. ती आली होती हे त्याला कळलंच नाही, आणि त्या वेळी तरी ते सांगायची माझी छाती झाली नाही.

आता नियम सांगायला हवा. आमच्या टीमच्या प्रमुखांना आम्ही पंच म्हणतो, कारण दिवसातला निम्मा वेळ त्यांचा आमचे वाद मिटवण्यात जातो. त्यांनीच घालून दिलेला नियम आहे. एकाने बग आहे म्हटलं आणि दुसऱ्याने नाही म्हटलं, तर शुक्रवारच्या बैठकीत, नाही म्हणणाऱ्याने भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर सगळ्यांसमोर ते करून दाखवायचं. हातच्या कांकणाला आरसा कशाला. बग मागे घ्यायचा अधिकार फक्त तो लिहिणाऱ्याचा. म्हणजे माझा.

"डॉक्टरकडे चल," मी म्हटलं, "मी बग मागे घेते. शुक्रवारी तुला उभं राहावं लागणार नाही."

"बग नाहीच, तर मागे काय घेतेस?"

"आहे."

"नाही."

"मग दाखव शुक्रवारी."

"दाखवतो."

दुसऱ्या दिवशी गाडी मी चालवली. चावी मागायला तो आला नाही, ह्यातच मला काय ते समजलं. मनातून तोही घाबरला होता. घाबरलेला माणूस हट्टी होतो, आणि हा तर मुळातच हट्टी.

बग मागे घेणं माझ्या हातात होतं, आणि मी घेतला नाही. मुद्दाम. चार भिंतींत तो ऐकत नव्हता, तर चार माणसांत त्याला दिसू दे, असा माझा हिशेब होता. त्याचे डोळे चालले होते आणि तो ते तपासूही देत नव्हता. तिथे त्याच्या मानापमानाचं मी काय लोणचं घालणार होते? आठवडाभर मी स्वतःला हेच सांगत होते.

बैठकीच्या खोलीत आम्ही आठ-दहा जण होतो. सुतार भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. मोठ्या स्क्रीनच्या इतक्या जवळ की मला त्याला मागे ओढावंसं वाटलं. त्याने एडिटर उघडला, आठवडाभर चाललेल्या वादाबद्दल एक विनोद केला, सासूबाईंचा आशीर्वाद वगैरे. लोक हसले. मग त्याने बटणं दाबायला सुरुवात केली.

मोठी. लहान. मोठी. लहान.

भिंतीवर तर ते आणखी ठसठशीत दिसत होतं. विंडो दर वेळी खाली आणि उजवीकडे सरकायची. खालची पट्टी अर्धी झाली, मग दोऱ्याएवढी, मग नाहीच. पान वर-खाली करायचे उजवीकडचे बाणही गेले. सुतार मधल्या ओळींकडे बघत होता.

"बघा," तो आमच्याकडे वळून म्हणाला, "जागच्या जागी."

माझ्या शेजारी बसलेली चिमणी, आमची दुसरी टेस्टर, खुदकन हसली. तिला वाटलं तो नाटक करतोय. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

पंच म्हणाले, "खालची पट्टी दाखव."

"ही काय." तो पुन्हा भिंतीकडे वळला आणि त्याने माउस हलवला. बाण दिसेना. त्याने माउस गोल फिरवला, एकदा, दोनदा, मोठमोठे वळसे घेत. बाण सगळ्यांसमोर भिंतभर नाचत होता आणि त्याला तो सापडत नव्हता. शेवटी त्याने माउस सोडला आणि सरळ डोळ्यांनीच पट्टी शोधायला निघाला. मान वर, मग डावीकडून उजवीकडे, मग थोडी खाली, पुन्हा डावीकडून उजवीकडे. जमिनीवर पडलेली सुई शोधावी तसा. पंचांनी हातातलं पेन टेबलावर ठेवलं, त्याचासुद्धा आवाज झाला. तो स्क्रीनच्या तळापर्यंत पोचला. तिथे पट्टी नव्हती. तो आणखी खाली गेला, भिंतीच्या रंगापर्यंत, आणि पुन्हा वर आला.

"आत्ता होती," तो म्हणाला.

कुणीतरी चिडवलं असतं, भांडलं असतं, तर मला बरं वाटलं असतं. पंचांनी उठून स्क्रीन बंद केली आणि म्हणाले, "बाकीचं सोमवारी बघू." लोक आमच्याकडे न बघता बाहेर पडले. चिमणी जाताना माझा खांदा दाबून गेली. हे सगळं मीच घडवून आणलं होतं, आणि माझ्या मनासारखं घडलं होतं, आणि मला माझी शिसारी आली.

तो खुर्चीवर बसला.

"किती बाहेर गेली होती?"

"सगळी."

"सगळ्यांना दिसत होतं?"

"हो रे."

तो म्हणाला, "चावी तुझ्याकडे आहे ना? जाऊ. पण आधी हे संपवू दे. अर्धं काम टाकून मी जायचा नाही."

मी त्याला अडवलं नाही. फोन करून डॉक्टरांची संध्याकाळची वेळ घेतली आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले. लग्नाआधी अशी बसायचे, तेव्हा आम्ही भांडतही नव्हतो. कड बघायची त्याला गरजच पडली नाही. त्याने प्रोग्रामला सांगितलं, विंडो मोठी व्हायच्या आधी आणि लहान झाल्यावर तिची रुंदी आणि उंची किती ते छापत जा. आकडे स्क्रीनच्या मध्यभागी एकाखाली एक पडायला लागले. तेवढा भाग त्याला लख्ख दिसत होता. चार ओळी वाचून तो थांबला.

"घोडं इथे पेंड खातंय," तो म्हणाला. "मोठी होण्याआधी आपण माप घेतो ते चौकटीसकट घेतो. परत लहान करताना ते माप चौकटीशिवायचं समजून देतो. मग सिस्टिम त्यावर आणखी एक चौकट चढवते. पुढच्या वेळी ती चौकट धरून माप, आणि त्यावर परत चौकट."

"आणि म्हणून ती जाड होते."

"म्हणून जाड होते." त्याने एक ओळ बदलली. फक्त एक. मला त्याचा इतका अभिमान वाटला आणि त्याच क्षणी इतकं रडू आलं, की मी पर्समध्ये काहीतरी शोधायचं सोंग केलं.

"आता तू करून बघ," तो म्हणाला.

मी केलं. मोठी, लहान, मोठी, लहान. माझ्या स्क्रीनवर, त्याच्या स्क्रीनवर, दोन्ही जोडून, झूम बदलून.

"पट्टी आहे?"

"आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"तू सांगतेस म्हणून बंद करतोय," असं म्हणून त्याने बग बंद केला.

गाडीत तो माझ्या डाव्या बाजूला मांडीवर हात ठेवून बसला होता, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. अर्धा रस्ता झाला तेव्हा बोलायला लागला.

"तुला एक सांगायचंय. ती ऑफिसची टेस्ट. एक मोठं भांड्यासारखं मशीन असतं, त्यात तोंड घालायचं. मधल्या ठिपक्याकडेच बघत राहायचं. आजूबाजूला कुठेतरी बारीक दिवा लागतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं."

"माहीत आहे. मीही केली होती."

"मला सुरुवातीला बराच वेळ काही दिसेचना. वाटलं, मशीन बंद आहे. मग लक्षात आलं, दिवा लागायच्या जरा आधी आतून घर्र असा आवाज येतो. मोटर फिरल्याचा. आणि त्यात एक लय होती. मग मी त्या आवाजावर बटण दाबत गेलो."

मी गाडीचा वेग कमी केला.

"मधूनमधून मुद्दाम सोडतही होतो," तो म्हणाला. "सगळेच दिसले तर संशय येतो ना."

मी गाडी कडेला घेऊन उभी केली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"का?" मी विचारलं. "का केलंस असं?"

"टेस्ट होती गं. पास करायची होती."

आमच्या धंद्यात हा रोग जुना आहे. प्रोग्राममधली चूक दुरुस्त करायची नाही, टेस्टला खूश करायचं. टेस्ट हिरवी, म्हणजे पास, दिसली की झालं. असं करणाऱ्यांना मी फाडून खाल्लेलं आहे, पंचांसमोर उभं केलेलं आहे. सुतारने त्याच्या कामात हे एकदाही केलं नव्हतं, ह्याबद्दल मी छातीवर हात ठेवून सांगेन. त्याने ते केलं ते फक्त स्वतःच्या डोळ्यांच्या बाबतीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून दोन वर्षं मूठ झाकून बसला, आणि त्या दोन वर्षांत आमच्या लेकीला रोज गाडीने शाळेत सोडत होता.

मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. ते इथे लिहीत नाही. तो ऐकत राहिला. मग मी डोळे पुसले, आरसे बघितले, आणि गाडी सुरू केली.

डॉक्टर बाई वयस्कर होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी डोळ्यांत थेंब टाकले, दाब मोजला, भिंगातून बराच वेळ आत बघितलं. मग हात धुऊन आमच्यासमोर बसल्या.

"काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. बराच पुढे गेलेला."

"औषधाने परत येईल?" मी विचारलं.

"गेलेलं येत नाही. राहिलंय ते सांभाळायचं. किती राहिलंय ते आता टेस्टवरून कळेल, आणि पुढचं सगळं त्यावर ठरेल. नुसते थेंब पुरतील की ऑपरेशन, तेही लगेच की सवडीने." त्या त्याच्याकडे वळल्या. "आधी कधी ही टेस्ट केली होती?"

तो माझ्याकडे बघायला लागला. मी जमिनीकडे बघितलं. हे त्यानेच सांगायला हवं होतं.

"केली होती," तो म्हणाला. "नॉर्मल आली होती."

एवढंच. आवाजावर बटण दाबल्याचं त्याने सांगितलं नाही. बाईंनी भुवया जरा वर केल्या, काहीतरी टिपून घेतलं, आणि टेस्ट घेणाऱ्या पोरीला हाक मारली.

खोली लहान होती आणि तिने दिवे मालवल्यावर अगदी अंधारी झाली. मला दाराशी स्टूल दिलं आणि गप्प बसायला सांगितलं. सुतारने हनुवटी टेकवली, एक डोळा पट्टीने झाकला, हातात बटण घेतलं. पोरीने समजावून सांगितलं, मधल्या ठिपक्याकडेच बघायचं, चुकलं तरी घाबरायचं नाही, इथे नापास कुणी होत नसतं. मग तिने मशीन सुरू केलं आणि कोपऱ्यातल्या टेबलावर पाठमोरी होऊन पुढच्या पेशंटची चिठ्ठी लिहायला लागली.

घर्र. टक. घर्र. टक. घर्र. टक.

पहिल्यांदा माझा जीव भांड्यात पडला. दिसतंय की. बऱ्यापैकी दिसतंय. मग मी नीट ऐकायला लागले. टक कधी लवकर येत नव्हता, कधी उशिरा येत नव्हता. आणि चार-पाच झाले की एक सोडलेला. पुन्हा चार-पाच, पुन्हा एक सोडलेला. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी काम केलंय. त्याच्या हाताची लय मी झोपेतही ओळखेन. मला सारखं वाटत होतं की गप्प बसावं. हा आपला माणूस घाबरलाय, त्याला आजचा दिवस तरी पास होऊ द्यावं, सकाळी एवढं झालंय त्याचं. खरंच वाटत होतं.

"अरे," मी अंधारात म्हटलं, "दिसेल तेव्हाच दाब."

"मॅडम, आत बोलायचं नाही," पोरगी मागे न वळता म्हणाली.

घर्र.

त्याचा अंगठा बटणावर होता, मला तेवढी पुसट आकृती दिसत होती. तो हलला नाही.

घर्र. घर्र. घर्र.

मशीन आतल्या आत दिवे लावत होतं, वर, खाली, कडेला, कुठे कुठे कोण जाणे. एकदा एक टक आला. मग पुन्हा बराच वेळ नुसतीच घरघर. मी स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि पुढचा टक यावा म्हणून देवाला विनवत होते. पोरीचं लिहिणं थांबलं. तिलाही ती शांतता जाणवली असावी.

"सर," ती म्हणाली, "झोप लागली का?"

"नाही," तो म्हणाला. "बघतोय."